पाचवी गाय

धाकटीकडे तांबडी गाय नव्हतीच, आणि भांडण पेटलं ते नेमकं तांबड्या गायीवरून.

उन्हाळा लांबला होता. थोरलीच्या परसातली वैरणीची गंज रोज थोडी थोडी खाली बसत होती, आणि थोरली येता जाता ती नजरेने मोजायची. गोठ्यात चार गाई. दोन दुभत्या, एक गाभण आणि एक म्हातारी. म्हातारीला विकायचा विषय निघाला की सासूबाई ऐकू न आल्यासारखं करायच्या. खरं तर घरात सगळ्यात तिखट कान त्यांचेच. दिसत मात्र काही नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे कधीच नेले होते. दिवसभर त्या गोठ्याच्या ओट्यावर बसून गाईंची दावी वळायच्या आणि घरात, परसात, रस्त्यावर काय चाललंय ते कानांनी टिपत राहायच्या.

घर एकच, पण भाऊ वेगळे झाले तेव्हा परसातून हनुवटीएवढी भिंत गेली. पलीकडे धाकटा आणि धाकटी. एरवी भिंतीवरून बोलणं चालायचं, भांडीकुंडी जायची यायची. या वर्षी ते बंद होतं, कारण उतारावरचं गवत. टेकडीच्या त्या उताराची वाटणी कधी झालीच नव्हती. एक वर्ष थोरल्याने कापायचं, एक वर्ष धाकट्याने. गेल्या वर्षी धाकट्याची पाळी होती आणि कापलेलं गवत भिजून कुजून गेलं. तेव्हा त्याने ठरवलं की ते वर्ष मोजायचं नाही, आणि यंदाचंही गवत त्यानेच कापून नेलं. तेव्हापासून दोन्ही घरं भिंतीला पाठ करून होती.

त्या सकाळी थोरली शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. डाव्या बाजूला गंजीपाशी काहीतरी हललं म्हणून तिने नजर टाकली, तर तांबडी गाय. पाठीवर पांढरा ठिपका, शिंगं आत वळलेली. मान लांब करून गंजीतली पेंढी ओढत होती. थोरलीने पाटी टाकली, काठी उचलली आणि धावली. पोचेपर्यंत गाय गायब.

तिने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली आणि भिंतीवरून हाक मारली.

"गाय बांधायला दावं नसेल तर तसं सांगावं. आमच्याकडे आई वळतात."

धाकटी चुलीपुढून उठून आली. हातात फुंकणी तशीच होती. "कुठली गाय, जाऊबाई?"

"तांबडी. पाठीवर ठिपका आहे."

"आमच्या दोन पांढऱ्या आणि एक काळी. तिघी बांधलेल्या आहेत. तांबडी कुठून आणू?"

"नवी घेतली असशील."

"घेतली असती तर तुम्हाला दिसावी म्हणून भिंतीलाच बांधली असती."

रस्त्याने जाणारी दोनचार माणसं थांबली. फुकटची करमणूक कोण सोडतं. धाकटा बाहेर आला. थोरलीचा नवराही गोठ्यातून आला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. लहानपणी एका वासराने त्याला चीत केलं तेव्हा ते नाव पडलं आणि पुढे अंगावर मांस चढलं नाही तरी नाव राहिलं. दोघे भाऊ आपापल्या बायकोच्या मागे उभे राहिले आणि एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघू लागले.

"गाय आली नाही," ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या. "मी पहाटेपासून इथं बसलेय. गाईला चार पाय असतात आणि चारही वाजतात."

"ऐका," धाकटी म्हणाली. "आईंना न बघता कळलं आणि तुम्हाला बघून कळेना."

रस्त्यावरची माणसं हसली. थोरलीला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण तेवढ्यात पायाखालची बादली सरकली आणि ती भिंतीच्या अलीकडे दिसेनाशी झाली. मग तर पलीकडे हशा आवरेना. ढोपर खरचटलं होतं. पण त्याहून जास्त खरचटलं होतं ते वेगळंच, कारण सासूबाईंचं म्हणणं बरोबर होतं. मातीत खूर उमटला नव्हता. गंजीतली एक काडीही ओढलेली नव्हती.

डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय हे थोरलीला आधीपासून जाणवत होतं. डाव्या कडेला चमकायचं, लांबून जाणाऱ्या मोटारीच्या काचेवर ऊन पडावं तसं. कधी निळं, कधी केशरी. नंतर डोकं ठणकायचं. उन्हाने होत असेल, रिकाम्या पोटाने होत असेल असं म्हणून ती कपाळाला ओलं फडकं बांधायची आणि कामाला लागायची. काम थांबत नव्हतं. पहाटे धारा, मग शेण, मग पाणी ओढणं, मग पैलवानाने लांबून सायकलवर बांधून आणलेला पाला बारीक करणं. चमकण्याचं कुणाला सांगत बसायला वेळही नव्हता.

पण तांबडी गाय काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती थेट गोठ्यातच उभी होती. दावणीच्या डाव्या टोकाला, भिंतीपाशी, जिथे खुंटाही नव्हता तिथे शहाण्यासारखी उभी. थोरलीने डोळे चोळले. गाय तिथेच. तिने तोंड फिरवलं आणि धार काढायला बसली. तर गाय फिरलेल्या तोंडाच्याही डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. हंबरत नव्हती, शेपटी हलवत नव्हती. नुसती बघायची.

असं रोज होऊ लागलं, आणि एका सकाळी घाईघाईत वैरण टाकताना थोरलीने तिलाही एक पेंढी टाकली. हाताला सवयच अशी, की गाय दिसली की वैरण पडते.

ओट्यावर दावं वळणारे हात थांबले.

"ती कुणाला टाकलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"गाईला."

"चौघींच्या तोंडात आहे. चौघी चावतायत, मला ऐकू येतंय. ही पेंढी भिंतीपाशी पडली. तिथं कोण आहे?"

थोरलीने दाराकडे बघून घेतलं. पैलवान पाला आणायला गेला होता. गोठ्यात चावण्याचा आवाज आणि माश्यांची गुणगुण, बस.

"तांबडी," ती हळूच म्हणाली.

"आत्ता आहे?"

"आहे."

"चावते?"

"नाही. बघते."

"हात लावून बघ."

थोरली भीतभीत पुढे गेली. हात लांब केला. हाताला भिंतीचा गारवा लागला. गाय मात्र जराशी बाजूला दिसत होती, जागा करून दिल्यासारखी. थोरलीने हात झटकन मागे घेतला.

"मला वेड लागलं, आई."

"आधी ती पेंढी उचल," सासूबाई म्हणाल्या. "या दिवसांत नसलेल्या गाईला वैरण घालणं परवडायचं नाही. आणि वेड लागलेलं माणूस स्वतःहून सांगत नाही. ते दुसऱ्यालाच वेडं म्हणतं. अजून काय काय दिसतं, सांग."

मग थोरलीने सांगून टाकलं. कोंडून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस यायचा, टोपी घातलेला, दाढी नीट राखलेला. कधी बदकांची रांग. आणि गव्हाणीच्या कडेवरून वीतभर उंचीच्या बायका जायच्या, एकामागे एक, डोक्यावर टोपल्या. कुणीच बोलायचं नाही. पाच-दहा मिनिटं राहायचे आणि निघून जायचे.

सासूबाई पुढे वाकून ऐकत होत्या. "टोपल्यांत काय असतं?"

"ते कळत नाही. वर फडकं झाकलेलं असतं."

"कसल्या रंगाचं?"

"पिवळं. हळदीसारखं."

"पिवळं," सासूबाई म्हणाल्या आणि दाव्याला आणखी एक पीळ घातला. मग गालातल्या गालात हसल्या. "मला खरी असलेली दिसत नाहीत, तुला नसलेली दिसतात. दोघींचं मिळून एका माणसाचं नीट होईल."

थोरलीलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी पोटातून आलं.

त्या दिवसापासून दोघींचं एक गुपित झालं. थोरली धारा काढायला बसली की ओट्यावरून प्रश्न यायचा, "आज कोण आलंय?" कोण आलंय ते थोरली सांगायची, आणि सासूबाईंचे बारीकसारीक प्रश्न सुरू व्हायचे. शिडीवाल्याच्या पायात काय आहे, बदकं पांढरी की करडी, त्या बायकांत म्हातारी कुणी आहे का. गोठ्याचा पत्रा वाऱ्याने वाजत होता, तर म्हणाल्या, "त्या शिडीवाल्याला म्हणावं, रोज नुसता उभा राहतोस, एकदा वर चढून पत्रा तरी ठोकून दे." तांबडीबद्दल त्यांचं मत चांगलं झालं होतं. "खात नाही, शेण टाकत नाही, लाथ मारत नाही. अशी गाय सात गावं हिंडून मिळायची नाही."

"दूधही देत नाही, आई."

"म्हातारी तरी कुठं देते?"

पैलवानाला त्यांनी सांगितलं नव्हतं. तो पाल्याच्या ओझ्याखाली वाकून यायचा, तर दोघी हसत असायच्या. बायको आणि आई एकत्र हसताना बघून तो स्वतःच्या शर्टाची बटणं तपासायचा.

दूध घालायला थोरली रोज केंद्रावर जायची. तिथला मापाडी भांड्यात नळी बुडवून दुधाचा कस बघायचा, तोवर रांगेत उभं राहावं लागे. त्या दिवशी रांगेत तिच्या डाव्या हाताला एक बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल. थोरली मागे सरकली.

"व्हा तुम्ही पुढं. लेकरू घेऊन कुठं उभ्या राहता."

रांगेतली माणसं वळून बघू लागली.

"वहिनी, कुणाला पुढं करताय?" मापाड्याने विचारलं.

थोरलीने मान पुरती वळवली. तिथे कुणी नव्हतं. कानशिलं तापली, पण तोंडाने तिने वेळ मारून नेली. "तुमच्या मापाला. ते नेहमी मागंच असतं ना." लोक हसले. मापाडीही कसनुसा हसला. तिला वाटलं, सुटले.

दूध घालून झालं. दुसऱ्या गाईचं कमी कसाचं दूध मापाड्याने परत केलं होतं, ते कॅनमध्ये तसंच होतं. ते घेऊन ती दाराबाहेर पडली आणि डावा खांदा चौकटीवर एवढ्या जोरात आदळला, की डोळ्यांपुढे अंधारी आली. कॅन हातातून सुटला. पायरीवरून दूध रस्त्यापर्यंत वाहत गेलं. कुठून कुठून कुत्री धावली. आता कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. कुणीतरी कॅन उचलून हातात दिला, कुणीतरी म्हणालं, "सावकाश, वहिनी," आणि पाठ फिरल्यावर कुजबुज सुरू झाली ती तिला रस्ताभर ऐकू येत राहिली.

ती परसात पोचली आणि कॅन खाली ठेवला.

"परत आलेलं दूध कुठं गेलं?" सासूबाई म्हणाल्या. "रिकामा वाजला कॅन."

"सांडलं. चौकटीवर आपटले."

"शिडीवाला आडवा आला?"

"नाही. तिथं कुणी नव्हतं." थोरली थांबली. तिला स्वतःलाच ते आत्ता कळत होतं. "चौकटही नव्हती, आई. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. मोकळं होतं, म्हणून गेले."

सासूबाईंनी हातातलं दावं बाजूला ठेवलं. चेहऱ्यावरची गंमत पुसल्यासारखी गेली.

"नसलेलं दिसतं, तोवर मी हसले," त्या म्हणाल्या. "असलेलं दिसत नाही, यात हसण्यासारखं काही नाही. माझंही कडेकडूनच गेलं. कापणी होऊ दे, पाहुणे जाऊ देत, असं म्हणता म्हणता मधलंही गेलं. उद्या तू शहरात जायचंस. मोठ्या दवाखान्यात."

"आणि गाई?"

"गाई मी बघते."

"तुम्ही कशा बघाल?"

"कानांनी बघेन. आत जा, पाणी पी."

पैलवान आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तांबडी गाय, शिडीवाला, बदकं, चौकट. तो उकिडवा बसून ऐकत राहिला. सगळं संपल्यावर म्हणाला, "तरीच." मग उठला, आत गेला आणि बायकोच्या वाटणीचं पाणी भरून ठेवलं. घागरी नको तितक्या काठोकाठ भरल्या होत्या.

सासूबाई उठल्या. भिंतीला हात लावत लावत, रस्त्याने वळसा घालून धाकटीच्या दारात गेल्या. गवताचं भांडण झाल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. धाकटी दचकून उभी राहिली.

"बस," सासूबाई म्हणाल्या. "तांबडी गाय खरी नव्हती, खोटीही नव्हती. ती थोरलीच्या डोक्यात आहे. आजार आहे तो. उद्या ती दवाखान्यात जातेय. डोक्यातली गाय डॉक्टर बघेल. गोठ्यातल्या चार आहेत, त्या तू बघ."

धाकटीच्या हातात निवडायचं धान्य होतं. ती सुपातले खडे बोटाने सारत राहिली. भिंतीपाशी कसं हसलो ते तिला आठवत असावं.

"गाभणीला काय घालतात?" तिने विचारलं.

शहरातल्या दवाखान्यात माणसांची गर्दी, औषधांचा वास आणि लांबच लांब व्हरांडे. पैलवान थोरलीच्या डाव्या बाजूने चालत राहिला, माणसांचे धक्के स्वतःच्या अंगावर घेत. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी थोरलीला समोर बसवलं.

"माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवू नका. या बाजूला बोटं किती?"

"दोन."

"आता या बाजूला?"

डाव्या बाजूला थोरलीला बोटं दिसेनात. "बोटं नाहीत," ती म्हणाली. आणि लपवून काय उपयोग असं वाटून पुढे म्हणाली, "बदकं आहेत."

पैलवानाने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी एकेक विचारलं. कधीपासून, कुठल्या बाजूला, किती वेळ, माणसं बोलतात का, काही करायला सांगतात का.

"नाही हो. घरंदाज माणसं आहेत. येतात, उभी राहतात, जातात."

तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईंना हसू आवरलं नाही, आणि थोरलीला त्या आपल्या वाटल्या.

मग डोक्याचा फोटो काढायच्या एका मोठ्या यंत्रात झोपावं लागलं. आत असा खडखडाट, की कडबाकुट्टीत डोकं घातल्यासारखं वाटावं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून दाखवला. अक्रोडासारखा मेंदू, आणि मागच्या अंगाला, उजवीकडे, एक पांढरी गाठ. लसणाच्या गड्ड्याएवढी.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "पण डोळे जे बघतात त्याचं चित्र इथं मागं तयार होतं. उजवीकडच्या भागात डाव्या बाजूचं. ही गाठ तिथं दाबतेय. त्यामुळं डावीकडचं खरं चित्र पोचत नाही, आणि तो भाग डिवचला जातो, मग मनानंच चित्रं काढत बसतो. गाय, बदकं, सगळं तिथलं. वेड नाही हे."

"हे एकदा आमच्या गावात येऊन सांगाल का?" थोरलीने विचारलं. "मापाड्यासमोर."

"आधी गाठ काढू. मेंदूच्या वरच्या आवरणातून वाढलीय, हळूहळू. अशा गाठी बहुतेक साध्या असतात. काढून तपासल्यावर नक्की कळेल. डावीकडची नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. आणि ऑपरेशन म्हटलं की थोडा धोका असतोच."

"आणि तशीच ठेवली तर?"

"वाढेल. फिट येतील. आणखी काय काय बिघडेल, सांगता येत नाही."

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. थोरलीने फोटोकडे निरखून बघितलं. एवढीशी गाठ, आणि त्यात गाय मावली, माणूस मावला, त्याची शिडीही मावली.

"काढा," ती म्हणाली. "घरी गाय व्यायला झालीय."

ऑपरेशनच्या आधी तिचे केस काढले. आरसा मागितला तर तिथल्या सिस्टरने दिला, आणि तिने सगळ्या बाजूंनी डोकं बघितलं. दिसलं नाही तेवढं हाताने चाचपलं. पैलवान खाटेशेजारी बसला होता. काय बोलावं ते सुचेना म्हणून तिच्या पावलांवरून हात फिरवत होता. कामाने भेगाळलेली पावलं, तसाच खरखरीत हात.

"अहो, कुठं आहात?"

"इथंच."

"इकडं उजवीकडं बसा. तिकडं तुम्ही नसता."

तो उठला, खाटेला वळसा घालून उजवीकडे आला. त्याचा चेहरा दिसल्यावर तिला जरा बरं वाटलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आलीय का ती?" त्याने विचारलं.

"आहे ना. सलाइनच्या दांडीपाशी."

"काय करते?"

"तुमच्याकडं बघते."

पैलवानाने रिकाम्या जागेकडे बघून घेतलं. "कास कशी आहे?"

"भरलेली आहे."

"बघ," तो म्हणाला. "दुभती गाय, ती पण आयती, आणि आपण काढून टाकायला बसलोय." हे त्याने इतक्या गंभीरपणे म्हटलं, की ती हसली, आणि हसता हसता तिने त्याचा हात जो धरला तो न्यायला माणसं येईपर्यंत सोडला नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा डोक्याला भलामोठा फेटा बांधल्यासारखं जड होतं आणि घसा कोरडा. डोळे सुजलेले. तिने फटीतून उजवीकडे बघितलं, पैलवान होता. मग मान हळूहळू डावीकडे वळवली. सलाइनची दांडी होती, पलीकडे खिडकी, आणि दुसऱ्या खाटेवर एक म्हातारी, जी सिस्टरशी भांडत होती. म्हातारी खरी होती, कारण सिस्टर उलट बोलत होती. बाकी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही आलं, नंतरही नाही. डावी कडा अंधूकच राहिली, धुरकट काचेतून बघावं तशी, पण तिथे जे दिसायचं ते असायचं. गाठ साधीच निघाली. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन सांगून गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "आता मान वळवून बघायची सवय लावा. दार दिसलं की आधी डावीकडं."

घरी आली तेव्हा परसात पाऊल टाकताच तिला पहिल्यांदा दिसली ती भिंत. मधोमध माणूस जाईल एवढा दगडांचा भाग काढलेला होता.

"हे कुणी पाडलं?"

"धाकट्यानं," सासूबाई म्हणाल्या. "कॅन घेऊन रस्त्यानं वळसा घालता घालता धाकटीचे पाय दुखायला लागले. ती त्याला म्हणाली, भिंत तरी काढा नाहीतर धारा तरी तुम्ही काढा. त्याला भिंत सोपी वाटली."

गंज आणखी खाली बसली होती, पण तिच्याशेजारी उताराच्या गवताचा भारा पडलेला होता, आणि गोठ्यात चौघींच्या पुढेही तेच गवत होतं. गाभण गाय नुकतीच व्याली होती. ओलं ओलं, लांब पायांचं वासरू तिच्या पोटाखाली ढुशा देत होतं. गवताचं वर्ष कुणाचं, हे कुणी काढलं नाही. थोरलीने गवताची काडी उचलून दातांत धरली.

सासूबाईंनी तिला जवळ बोलावलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, टाक्यांची वळणदार रेघ बोटांनी चाचपली, दावं नीट वळलंय का बघावं तशी. "चांगलं शिवलंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आज कोण आलंय?"

थोरलीने डावीकडे मान वळवली. "कुणी नाही, आई."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "शिडीवाल्याची तेवढी चुटपुट लागेल. पत्रा राहिला ठोकायचा." आणि नाक ओढून त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं.

विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. पण संध्याकाळी धारांची वेळ झाली तशी थोरलीला आत बसवेना. डोक्याला फडकं गुंडाळून ती बादली घेऊन गोठ्यात गेली आणि नेहमीच्या दुभत्या गाईखाली बसली. गाईने वळून तिला हुंगलं. फडक्याला, हातांना, सगळ्या अंगाला दवाखान्याचा वास. गाय बिचकली. पाय झाडला. कासेला हात लावला तर अंग चोरून उभी राहिली. थोरलीने सड चोळले, पुटपुटली, पाठीवर थोपटलं. थेंब येईना.

"ओळखत नाही मला," ती म्हणाली. दवाखान्यात एकदाही रडली नव्हती, ती आता गाईखाली बसून रडायच्या बेतात आली.

भिंतीच्या खिंडारातून धाकटी आली. "उठा, जाऊबाई. मी काढते. तिला माझी सवय झालीय."

"माझी गाय आहे."

"गाय तुमचीच आहे. सवय माझी आहे."

"मी उठणार नाही."

"मग बसा," धाकटी म्हणाली आणि गाईच्या तोंडापाशी जाऊन उभी राहिली. गाईच्या गळ्याखाली नखांनी खाजवत ती तिच्याशी हळू आवाजात बोलू लागली. वासराबद्दल, माश्यांबद्दल, मापाड्याबद्दल, काहीबाही. गाईची मान सैल पडली. थोरलीच्या बोटांखाली कास जड झाली, सड फुगले, आणि पान्हा सुटला. पहिली धार सुटली ती सरळ जमिनीवर.

"डावीकडं सांडतंय," धाकटी म्हणाली.

थोरलीने बादली सरकवली.

"अजून डावीकडं."

"कळतं मला."

"कळतं तर मातीला का पाजताय?"

"तू तिचं डोकं धर. शिकवू नकोस."

"भांडा," ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या. "पण हात चालू ठेवा."

धार बादलीच्या बुडाला लागून टणटण वाजली. मग आवाज भरत भरत जड होत गेला, फेसात बुडाला. गाईने डोळे मिटले होते. थोरलीने हात थांबवला, आणि सवय लावायची म्हणून मान पुरती डावीकडे वळवली. धाकटी तिथे उभी होती. केसांत गवताची काडी, मनगटावर गाईची लाळ.

"काय बघताय?"

"तू आहेस का, ते."

"आहे की."

"मग बादली धर," थोरली म्हणाली. "भरलीय."